धुक्यात कापलेले तुरे

५ मार्च, मंगळवार

खाणीत होतो तेव्हा पाळी संपली की चार ओळी खरडायची सवय होती. खाण सुटली, गावी आलो, सवयही सुटली. आज पुन्हा वही काढली. वुयानीला जाऊन आज वर्ष झालं, आणि डोक्यात जे शिजतंय ते कोणापाशी बोलण्यासारखं नाही.

वुयानी माझा धाकटा भाऊ. गेल्या हंगामात खोऱ्यातल्या आमच्या गांजाची राखण करत होता. चोर आले, त्याला सुऱ्यांनी भोसकलं, आणि तयार झालेली झाडं मुळासकट उपटून नेली. तो मलाच सापडला. पालथा पडला होता, तोंडात ओली माती. पोलीस आले, उरलीसुरली झाडं जाळून गेले. मारणाऱ्याचं नाव आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. नदीपलीकडचे होते एवढंच सगळे म्हणतात.

त्याची बायको माजोला अजून काळ्यात आहे. काळा झगा, काळी शाल, डोक्याला काळं फडकं. काळ्यातल्या बाईची सावली गुरांवर पडू नये, पिकावर पडू नये, म्हणून गाव उठायच्या आत ती खालच्या वाटेने ओढ्यावर जाते, पाणी आणते आणि मग दिवसभर दाराआड. तिचं काळं उतरवायचं तर बैल कापायला हवा, नवे कपडे हवेत, सगळ्या भावकीला बियर पाजायला हवी. हे सगळं या पिकातून होणार. वुयानीच्या थडग्यावर हात ठेवून मी तसा शब्द दिलाय.

दुसरा शब्दही दिलाय. यंदा चोर आला तर तो खोऱ्यातून चालत परत जाणार नाही.

९ मार्च, शनिवार

समुद्रावरून धुकं आलं आणि हलायचं नाव घेत नाही. सरकारी हेलिकॉप्टर वरून विष फवारतं म्हणून आम्ही पीक उतारावरून काढून खोऱ्यात नेलं. मोठ्या झाडांच्या आडोशाला, एकमेकांना खेटून लावलं. वरून बघणाऱ्याला नुसतं रान दिसतं. तुरे यंदा असे भरलेत की फांद्या वाकल्या. काही तर माझ्या मनगटाएवढे जाड.

आज ओढ्याकडच्या रांगेत गेलो आणि डोक्यात तिडीक गेली. तुरे कापलेले! जे सगळ्यात जाड होते तेच नेमके गायब. बारके तसेच ठेवलेत. म्हणजे चोराला माल कळतो. काप सरळ आणि स्वच्छ, तुऱ्याच्या चांगला खाली घेतलेला. नाक लावून बघितलं तर कापाला दवाखान्यासारखा वास. आता चोरही हात धुऊन चोरी करायला लागले म्हणायचे!

डेंजर, आमचा कुत्रा, तिथेच शेपूट हलवत बसला होता. त्याला एक लाथ घातली.

१२ मार्च, मंगळवार

पावसाची भुरभुर आहे. तुऱ्यांवर पाणी बसू नये म्हणून काल सगळ्या रांगांवर प्लास्टिक ओढलं. दिवस मोडला, पाठ मोडली. आणि जेवताना बायकोने, माभेलेने, ताट समोर ठेवून हा विषय काढला.

"अहो, ऐका ना. रागावू नका. ती म्हणते, प्लास्टिक घालू नका. आत घाम धरतो."

"ती कोण?"

"ती म्हणजे ती. दाराआडची." माभेले हळू आवाजात म्हणाली. "तिच्या माहेरी समुद्राकाठी धुक्यातच पिकवतात सगळं. म्हणते, मोठी पानं काढून टाका, वारा खेळू दे. पहाटे फांद्या हलवून दव झाडा. तुऱ्यात अळी शिरली की तिथूनच सड सुरू होते, तर अळ्या वेचा. आणि सडलेला तुरा दिसला तर—"

"मी प्लास्टिक घातलं हे तिला कसं कळलं?"

"मी सांगितलं." हे ती जरा जास्तच पटकन म्हणाली.

आई चुलीपाशी होती. ती उसळली. "काळ्यातल्या बाईने पिकाचं नाव तरी घ्यावं का? तोंडाने घेतलं तरी लागतं ते! म्हणूनच धुकं हटत नाही. नवऱ्याला खाल्लं, आता पीक खायला निघाली."

"सासूबाई, ती बिचारी—"

"गप बस गं तू!"

मी म्हणालो, पानं काढली तर झाड जेवणार कशाने? माभेले म्हणाली, झाडाला जेवण पुरे झालं, आता त्याला श्वास हवा. तिने हे माजोलाचे शब्द म्हणून सांगितले आणि हसली. काय झालं कळलं नाही, मी ताट भिंतीवर फेकलं. कण्या आणि आंबट दूध सगळीकडे उडालं. मग हातही उचलला. तिचा ओठ फाटला. उचलायला नको होता, हे आता लिहिताना कळतंय. तेव्हा नुसते हात शिवशिवत होते.

माजोलाने हे सगळं पलीकडच्या झोपडीतून ऐकलं असणार. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण तिचा आवाज मी ऐकलेला नाही. थोरल्या दिरासमोर ती बोलत नाही, मान वर करत नाही, माझं नाव घेत नाही. मालुसी या माझ्या नावाचा अर्थ गुराखी, म्हणून तो शब्दही टाळते, 'गुरांमागचा' म्हणते म्हणे. वळणाची बाई आहे. म्हणूनच तिने निरोप पाठवला याचं जास्त लागलं.

१५ मार्च, शुक्रवार

आणखी कापलेत. मधल्या रांगेतलेही.

पहाटे खोऱ्याच्या तोंडाशी उभा होतो. धुकं इतकं की स्वतःचा सोटा दिसत नव्हता. आतून कोणीतरी खोकलं. दोनदा. दाबून खोकल्यासारखं. मी ओरडत धावलो, वेलीत पाय अडकून पडलो, गुडघा फुटला. पोचलो तेव्हा कोणी नव्हतं. प्लास्टिक मात्र एका बाजूने गुंडाळून नीट बांधून ठेवलेलं होतं, आणि त्या रांगेतल्या फांद्यांवर दवाचा थेंब नव्हता. चोराने झाडं हलवून बघितली असणार, कुठला तुरा जड लागतो ते.

खोकला कोणाचा ते मला ठाऊक आहे. ओढ्यापलीकडे डुमिसाचं शेत आहे. दिवसरात्र चिलीम ओढतो आणि बकऱ्यासारखा खोकतो. आम्ही बरोबरीचे, एकत्र गुरं राखली, एकत्र खाणीत गेलो. म्हणून तर डेंजर त्याच्यावर भुंकत नाही.

१६ मार्च, शनिवार

डोळा सुजलाय, एकाच डोळ्याने लिहितोय.

दुपारी वरच्या घरी बियर होती. डुमिसा भांडं घेऊन बसला होता. मला बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या या! काय मालुसी, खोऱ्यात प्लास्टिक टाकून लग्नाचा मांडव घातलास म्हणे. नवरी कोण?"

लोक हसले. मी म्हणालो, "नवरीचे दागिने कोण चोरतंय ते आधी सांग."

"कसले दागिने? सडतंय तुझं पीक. ओढ्यापलीकडे वास येतो. सडका माल कापून जाळ बाबा, नाहीतर ती बुरशी वाऱ्यावर माझ्याकडे येईल."

"म्हणजे तूच कापतोयस!"

"मी?" तो उठला. "तुझा कुजका माल मी चोरू? भावाबरोबर अक्कल पण पुरलीस काय रे?"

वुयानीचं नाव काढलं नसतं तर कदाचित बोलाचालीवर भागलं असतं. मी सोटा उचलला. त्यानेही उचलला. म्हातारे मध्ये पडायला आले, त्यांना तरुणांनी मागे ओढलं, कारण सगळ्यांना बघायचं होतं. पहिला फटका त्याचाच, डोळ्यावर. मग मला काही दिसत नव्हतं आणि ते बरंच वाटलं. मी मारत सुटलो. त्याने डोकं वाचवायला हात आडवा घातला. ओली फांदी मोडताना होतो तसा आवाज झाला. तो खाली बसला तरी मी मारत होतो. चौघांनी मला मागे खेचलं तेव्हा त्याचा हात कोपराच्या खाली उलट्या दिशेला लोंबत होता.

तो एवढंच म्हणाला, "गाढवा, माझ्या दोन्ही हातांची शपथ, मी तुझ्या शेतात पाऊल टाकलेलं नाही."

"आता एकाच हाताची घे," मी म्हणालो. लोक पुन्हा हसले. तेव्हा मलाही हसू आलं होतं.

१९ मार्च, मंगळवार

कापलेत. पुन्हा. डुमिसा हात बांधून घरात पडलाय, तरी कापलेत. म्हणजे त्याच्या घरातले दुसरे पुरुष असणार. त्याचे मेहुणे आडदांड आहेत.

डेंजर पुन्हा तिथेच, पाय ओले, तोंडात मक्याच्या भाकरीचा तुकडा. चोराच्या हातची भाकरी खातो! वुयानीच्या वेळीही हा जिवंत राहिला होता, हे डोक्यात आलं. त्याला दोरीने बांधून ओढ्यावर नेलं. त्याला वाटलं फिरायला नेतोय. कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू डोक्यात घातली. एका घावात गेला नाही.

परत येताना माजोला पाणी घेऊन खालच्या वाटेने येत होती. मला बघून वाट सोडून गवतात शिरली, पाठ करून उभी राहिली, रीतीप्रमाणे. माझ्या हातात कुऱ्हाड होती आणि हात रंगलेले होते. तिच्या खांद्यांना कापरं भरलं होतं. वुयानीचा कुत्रा होता तो, वाईट वाटलं असेल. इतक्या उजेडात ती अजून पाणी आणते हे आईला कळलं तर आणखी एक भांडण.

२२ मार्च, शुक्रवार

घरातही चोरी चालू आहे की काय? डोळ्याच्या जखमेला लावायला स्पिरिटची बाटली काढली तर निम्मी रिकामी. माभेलेला विचारलं, तिने मानेनेच नाही म्हटलं. तिचा ओठ अजून काळानिळा आहे, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. आईला विचारलं.

"मी प्यायले," आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या नावाने प्यायले आणि नाचले. काय विचारतोस मला? त्या काळ्यातलीला विचार. रोज झोपडीमागे काहीतरी जाळत बसते. धुराने माझा जीव गेला."

माजोलाच्या झोपडीमागून धूर येतो खरा. दाट, उग्र, घशाला चावणारा. थंडीने खोकते ती, शेक घेत असेल. बायकांच्या असल्या गोष्टीत मी पडत नाही.

आज एक पुरावा मिळाला. वरच्या रांगेच्या तारेला काळी लोकर अडकली होती. चोर काळा स्वेटर घालतो, किंवा तोंड झाकणारी काळी टोपी. लोकर खिशात ठेवलीय. ज्याच्या अंगावर ती जुळेल त्याचं अंग मी अंग ठेवणार नाही.

प्लास्टिक काढलेल्या रांगेत तुरे टवटवीत दिसतात आणि झाकलेल्या रांगेत आतून राखाडी लव धरलीय, बोट लावलं की भुकटी उडते. असं का, कळत नाही. चोर चांगल्या रांगांवर डोळा ठेवून असतो म्हणून त्याच रांगांवरचं प्लास्टिक काढत असेल.

२४ मार्च, रविवार

सगळे प्रार्थनेला गेले होते तेव्हा तालुक्याच्या बाजूला राहणाऱ्या एका गोऱ्या शेतकऱ्याकडून पूर्वी आणलेले कोल्ह्याचे सापळे काढले. गंजले होते. तेल घातलं, स्प्रिंग ताणून बघितली. वाळक्या लाकडावर जबडा मिटला आणि लाकडाचे दोन तुकडे झाले.

ओढ्याकडच्या वाटेवर, पाचोळ्याखाली पुरले. वरून ओलं गवत पसरलं.

कोणाला सांगितलं नाही. एका तोंडातून दुसऱ्या तोंडी गेलं की डुमिसाच्या घरी पोचणारच. माभेलेला एवढंच म्हणालो की खोऱ्याकडे फिरकू नकोस. आई तशीही उतरत नाही. माजोलाला सांगायचा प्रश्नच नव्हता. ती कुठे जाते?

२६ मार्च, मंगळवार

दोन दिवस धो धो पाऊस. कोणी आलं नाही. एका सापळ्यात साळिंदर सापडलं, मागचा पाय तुटून लोंबत होता. सोट्याने संपवलं. सापळा पुन्हा लावला.

संध्याकाळी पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. माभेले आईला सांगत होती की असा पाऊस आणि वर असं धुकं म्हणजे आता दोन दिवसांत सगळं सडेल, माजोलाला झोप नाही. आई म्हणाली, झोप नसेल तर नवऱ्यासाठी रड म्हणावं. मी मध्ये पडलो नाही. उद्या पहाटे चोर येणार, मला आतून वाटतंय. सोट्याच्या गाठीला तेल चोळलंय.

३० मार्च, शनिवार

लिहायचं की नाही, तीन दिवस ठरत नव्हतं.

बुधवारी पहाटे मी खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी दबा धरून होतो. उजाडू लागलं होतं पण धुक्यात नुसता पांढरा अंधार. बराच वेळ काही नाही. मग खाली जबडा मिटल्याचा आवाज आला. आणि किंकाळी.

मी धावलो. पोटात आनंद होता, खोटं कशाला लिहू. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आज हाताला लागणार होतं. वाटेवर काहीतरी काळं गुडघ्यावर पडून धडपडत होतं, हाताने लोखंड ओढत होतं. पहिला घाव पाठीवर घातला. ते आडवं झालं. दुसरा खांद्यावर. तेव्हा ते ओरडलं.

"मालुसी!"

माझं नाव घेतलं. चोराने माझं नाव घेतलं, म्हणजे ओळखीचा, म्हणजे डुमिसाच्याच घरातला, असा हिशोब माझ्या डोक्याने एका क्षणात केला. आवाज चिरका होता, पण सापळ्यातलं कोणीही तसंच ओरडतं. हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ओळखीचा असूनही माझ्या भावाच्या रक्तावर उगवलेलं पीक चोरतो, या रागाने तिसरा घाव घातला. सगळ्या जोराने. डोक्यात.

मग फडकं सुटलं आणि केस दिसले.

मी काय केलं ते नीट आठवत नाही. सापळ्याचा जबडा उघडत होतो, तो उघडत नव्हता, हात फाटले. घोट्याचं हाड बाहेर आलं होतं. तिच्या बाजूला मक्याच्या पिठाची गोणी पडली होती, तोंड दोरीने घट्ट बांधलेली, आणि माभेलेची शिवणाची कात्री. कात्रीला स्पिरिटचा वास. मी गोणी ओढली. काय चोरलं ते बघायचं होतं. तेव्हासुद्धा मला तेच बघायचं होतं!

तिने डोळे उघडले. माझ्याकडे सरळ बघितलं, आठ वर्षांत पहिल्यांदा.

"हलवू नका, भावोजी," ती म्हणाली. "भुकटी उडेल."

माझ्या नावाने ओरडलेला तोच आवाज होता.

गोणीत एकेक तुरा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. मी एक सोडला. आतून राखाडी, मऊ, कुजलेला. दुसरा सोडला. तोही. एकही चांगला तुरा त्यात नव्हता.

किंकाळी ऐकून डुमिसा ओढा ओलांडून आला, एक हात गळ्यात बांधलेला. त्याने माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं. चांगला हात तिच्या पाठीखाली घातला आणि म्हणाला, "पाय तू धर." आम्ही दोघांनी तिला वर नेलं. दुकानवाल्याची गाडी मिळाली. लुसिकिसिकीच्या दवाखान्याकडे जाणारा डांबरी रस्ता लागायच्या आत ती गेली.

बरोबर आलेल्या आईने गाडीतच ठरवलं. "चोरांनी मारलं म्हणायचं. नवऱ्याला मारलं तसंच हिला. कोणीही मानेल."

मी मान डोलावली.

६ एप्रिल, शनिवार

आज तिला पुरलं.

व्यापारी गुरुवारी आले होते. ओढ्याकडचा माल हातात घेऊन म्हणाले, या किनाऱ्यावर यंदा सगळीकडे सड आहे, तुझं एवढं स्वच्छ कसं? मी म्हणालो, राखण केली. मिळालेल्या पैशांतून बैल आणला, आणि निळा झगा, निळी शाल, जे माजोलासाठी आणायचं ठरलं होतं तेच. आईचं म्हणणं होतं की काळ्यातच पुरा, अंधार तिच्याबरोबर जाऊ दे. माभेलेने आईच्या हातातून काळं कापड हिसकावून घेतलं आणि चुलीत घातलं. माभेलेने स्वतः तिला आंघोळ घातली, निळे कपडे घातले. माझ्याशी ती आता बोलत नाही. मला काही सांगायचं असलं तर माजोलासारखी माझ्याकडे पाठ करून भिंतीला सांगते.

पुरून झाल्यावर भावकीतले पुरुष सोटे घेऊन उभे राहिले. कोणी भाले आणले होते. पेट्रोलचा डबा होता.

"एकाच घरातले दोन जीव," थोरले काका म्हणाले. "आज नदी ओलांडायची. मालुसी, तू पुढे हो."

मी पुढे झालो. हो, पुढे झालो. दहा पावलं चाललोही असेन. नदीपलीकडे ज्यांची घरं आहेत त्यांच्यातल्या कोणीतरी वुयानीला मारलंय, मग जळू देत, असंही मनात आलं.

डुमिसा वाटेत आडवा उभा होता. त्याने ती गोणी माझ्या पायाशी ठेवली. इतके दिवस त्यानेच जपून ठेवली होती.

"जायच्या आधी हे उघड," तो म्हणाला. "सगळ्यांना दाखव चोर काय चोरत होते."

"बाजूला हो रे मोडक्या हाताच्या!" कोणीतरी ओरडलं.

"उघड ना मालुसी. घाबरतोस कशाला? तुझाच माल आहे."

मी वाकलो. दोरीला हात लावला. आणि मला उघडता येईना. भुकटी उडेल, एवढंच डोक्यात येत होतं. भुकटी उडेल, भुकटी उडेल. मी तिथेच गोणीपाशी बसलो आणि म्हणालो, "नदीपलीकडे कोणी नाही. मी मारलं. माझ्या सापळ्याने आणि माझ्या सोट्याने. ती सड कापत होती."

मग पहिला सोटा थोरल्या काकांचाच पडला. पुढचे कोणाकोणाचे होते ते मी बघितलं नाही. हात आडवा घातला नाही. समोरचे दात गेले, बरगड्यांत काहीतरी मोडलंय, श्वास घेतला की टोचतं. शेवटी डुमिसाच माझ्यावर आडवा पडला, तुटक्या हातासकट, म्हणून हे लिहायला उरलोय.

त्याला विचारलं, का वाचवलंस? म्हणाला, "वाचवलं नाही. पोलिसांत चालत जायला पाय शिल्लक हवेत तुझे."

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी डुमिसा मला लुसिकिसिकीच्या चौकीवर घेऊन जाणार आहे. वही इथेच ठेवतोय. माभेले, तू भिंतीशी बोलतेस, मी इथे लिहून ठेवतो. वरच्या रांगांतला माल अजून उभा आहे, तो तुझा आहे.

प्लास्टिक सगळं काढलंय, परत घालू नकोस. मोठी पानं काढ. फांद्या काठीला बांधून एकमेकींपासून लांब कर. पहाटे प्रत्येक झाड हळू हलवून दव झाड. एखाद्या जाड तुऱ्यातलं एकच पान पिवळं होऊन सहज हातात आलं, की आत सड आहे असं समज. तुरा हलवू नकोस. आधी कागदात गुंडाळ, मग चार बोटं खालून काप, दर कापानंतर कात्री स्पिरिटने पूस. लांब नेऊन जाळ. तुला हे सगळं आधीपासून माहीत आहे. तू मला सांगितलं होतंस, कण्यांचं ताट समोर ठेवून.

सापळे मी उकरून ओढ्याच्या डोहात टाकले. एकूण एक टाकले, पुन्हा पुन्हा बघितलंय. तरी गावच्या पोरांना त्या वाटेने जाऊ देऊ नकोस.

आज पहाटे शेवटचा खोऱ्यात जाऊन आलो. कात्री आणि गोणी घेऊन गेलो होतो. ओढ्याकडची राहिलेली रांग सुरुवातीपासून टोकापर्यंत बघितली, एकेक तुरा दोन्ही हातांनी उघडून. कापण्यासारखं काही सापडलं नाही. शेवटच्या झाडावरही तिचे काप होते, स्वच्छ, सुकलेले. म्हणजे बुधवारी ती टोकापर्यंत पोचली होती. काम संपवून, गोणी बांधून, घरी परत निघाली होती.